कादंबरीच्या आधीची वही



ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसणारा माणूस पहिल्यांदा काय करतो? पुष्कळांची समजूत अशी की तो डोळे मिटतो, मग त्याच्या कानावर घोड्यांच्या टापा येतात, डोळ्यांपुढे तलवारी चमकू लागतात, आणि तो लेखणी उचलतो. कुणाचे तसे होतही असेल. पण माझे मत विचाराल तर त्याने आधी बाजारातून एक कोरी वही आणावी. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, पाने निसटणार नाहीत अशी. या वहीत कादंबरीची एक ओळही लिहायची नाही. ही कादंबरीच्या आधीची वही. तिच्यात काय लिहायचे, आणि ते का लिहायचे, हे आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पानिपतच्या स्वारीवर एक कादंबरी लिहावी असे मनात आहे. तिचा नायक कुणी सरदार नाही. नीरेकाठच्या एखाद्या गावातला, फौजेबरोबर धान्याच्या गोणी लादलेले बैल हाकत उत्तरेत गेलेला एक तरुण. त्याचे नाव कोणत्याही कागदात नाही, कारण तो माझ्या कल्पनेतला आहे. पण त्याच्यासारखे हजारो खरोखरच गेले होते.

पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना कशी कळली, याची एक हकीकत तुम्ही ऐकली असेल. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही ती आहे. उत्तरेच्या वाटेवर असताना पेशव्यांच्या हाती एका सराफाची चिठ्ठी आली. तिच्यात मेलेल्यांची नावे नव्हती. भाषा पेढीची होती. मोती गेली, मोहरा गेल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला याला गणतीच नाही, असा तिचा मतलब. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मोठे सरदार. आणि खुर्दा म्हणजे कोण? खुर्दा म्हणजे तुमच्याआमच्या गावची माणसे. मोत्यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. मला या खुर्द्यातले एक नाणे उचलून पाहायचे आहे. आणि ज्याच्याविषयी कागद बोलत नाहीत त्याच्याविषयी लिहायचे, तर कागद जे बोलतात ते आधी नीट ऐकले पाहिजे. वही लागते ती त्यासाठी.

वहीचे पहिले पान काळाचे. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी, बुधवारी. पण माझ्या नायकाला जानेवारी ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने ती पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. पेशव्यांचा कारकून त्याच वर्षाला सुहूर सनाने 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणतो, म्हणजे ११६१. हा सुहूर सन शेतकऱ्याला परका वाटू नये. सूर्य मृग नक्षत्रात गेला की तो बदलतो, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. एकाच दिवसाला अशी निरनिराळी नावे, आणि प्रत्येक नाव वेगळ्या माणसाच्या तोंडी. ही नावे शेजारी शेजारी लिहून ठेवली नाहीत तर पत्र एका साली आणि प्रसंग दुसऱ्या साली जाऊन पडतो. आणखी मागे गेले की वेगळीच अडचण. शिवरायांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा म्हणतात, ती तारीख जुन्या ज्युलियन गणनेची. आजच्या गणनेने तोच दिवस १६ जून येतो. तिथी मात्र एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी.

तुम्ही म्हणाल, एवढ्या हिशेबाची कादंबरीला गरज काय? सांगतो. पौष शुद्ध अष्टमी एवढे लिहिले, की त्या रात्रीचे आकाश वहीत उतरते. अष्टमीचा चंद्र अर्धा असतो. दिवस मावळतो तेव्हा तो वर माथ्याकडे असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. तेव्हा रणांगणातून निसटून दक्षिणेची वाट धरणाऱ्या माणसांना पूर्वरात्री उजेड आहे आणि उत्तररात्री काळोख. उजेडात वाट दिसते, पण पाठलाग करणाऱ्यालाही माणूस दिसतो. काळोखात लपता येते, पण जायचे कुठे ते कळत नाही. आता माझा नायक काय करील? चंद्र मावळेपर्यंत उसात, ओढ्यात, भिंतीआड दबून बसेल, की धावेल? हा प्रश्न मला कल्पनेने दिला नाही, तिथीने दिला. ज्याने तिथी पाहिली नाही तो बिनदिक्कत पौर्णिमेचे चांदणे पसरून मोकळा होईल आणि हा प्रश्न त्याच्या वाट्याला येणारच नाही.

दुसरे उदाहरण घ्या. १४ जानेवारी म्हटले की आपल्या मनात संक्रांत येते. पानिपतावर मराठ्यांवर संक्रांत कोसळली, असे आपण सहज बोलून जातो. लढाईच्या दिवशी तिळगुळाची आठवण काढणारा सैनिक रंगवण्याचा मोह कुठल्याही लेखकाला होईल. पण संक्रांत इंग्रजी तारखेला कायमची बांधलेली नाही. साठ-सत्तर वर्षांत ती एखादा दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. त्याच्या शंभर वर्षे आधी ती आणखी अलीकडे होती. हिशेब केला तर १७६१ साली लढाईच्या तीन-चार दिवस आधीच संक्रांत होऊन गेलेली. म्हणजे तिळगुळाचा प्रसंग लिहायचा तर तो लढाईच्या दिवशी नको, उपाशी छावणीतल्या त्या आधीच्या दिवसांत हवा. मला विचाराल तर तो तिथे अधिक बोचतो. सण आहे, आणि घरात तीळ नाही, गूळ नाही, घरच नाही.

दुसरे पान वाटेचे. १४ मार्च १७६० रोजी भाऊसाहेबांची फौज परतूरजवळून निघाली. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली. पावसाळ्यात यमुना दुथडी भरलेली, अलीकडे मराठे, पलीकडे अब्दाली. १७ ऑक्टोबरला दिल्लीच्या उत्तरेचे कुंजपुरा घेतले आणि दसरा तिथेच झाला. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून अलीकडे आला, आणि मराठ्यांचा दिल्लीशी आणि दक्षिणेशी असलेला रस्ता तुटला. पुढे अडीच महिने दोन्ही फौजा पानिपताजवळ समोरासमोर बसल्या. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची मोठी आशा गेली.

आता या तारखांकडे सेनापतीच्या नजरेने न पाहता बैल हाकणाऱ्याच्या नजरेने पाहा. मार्चमध्ये निघाला तेव्हा उन्हाळा. पेरणीच्या दिवसांत हा गावी नाही, म्हणजे तिफण कोणी धरली? बापाने की धाकट्या भावाने? सुगीला नाही. दसऱ्याला नाही. ऐन थंडीत उघड्या मैदानावर. आणि फौज मुक्कामात अडकली की पहिले हाल होतात ते जनावरांचे. वैरण संपते, घोड्याची चंदी तुटते, बैल खंगतो. ज्याने बैल पाळला आहे त्याला दावणीचे जनावर उपाशी पाहणे म्हणजे काय ते सांगायला नको. शेतकऱ्याच्या मुलाची उपासमार आधी त्याच्या बैलापासून सुरू होते, हे माझ्या वहीतले वाक्य आहे. ते कुठल्याही दफ्तरात सापडायचे नाही, पण वाटेचे पान भरल्याशिवाय मला ते सुचलेही नसते.

तिसरे पान वयांचे. हे पान फार उपयोगी. चित्रांत आणि नाटकांत पाहून आपण जुन्या माणसांना उगाच वडीलधारी करून टाकतो. पानिपतावर भाऊसाहेब अवघे ३० वर्षांचे होते. विश्वासराव १८ वर्षांचे. नाना फडणीसही त्या छावणीत होते आणि तेही १८ वर्षांचेच. पुढे साडेतीन शहाण्यांत गणलेले नाना आपल्या डोळ्यांपुढे कपाळाला आठ्या घातलेले येतात. पण पानिपतातून जीव घेऊन निघालेला नाना हा आई हरवलेला एक पोरगा आहे. आपल्या छोट्याशा आत्मचरित्रात त्यांनी स्वतः ती हकीकत लिहून ठेवली आहे. गुरुजनांनी हे वर्गात जरूर सांगावे. अकरावी-बारावीची मुले सतरा-अठरा वर्षांचीच असतात. त्यांना इतिहास आपला वाटायला एवढी एक नोंद पुरते.

चौथ्या पानाला मी नाव दिले आहे 'नव्हते'. त्या काळी जे नव्हते त्याची यादी. चहा नव्हता, म्हणून पहाटे उठून कुणी चहा पिणार नाही. आगकाडी नव्हती, म्हणून विस्तव जपावा लागे, नाही तर चकमक झाडावी लागे. रॉकेल नव्हते, म्हणून कंदील नाही. दिवटी आहे, मशाल आहे, पणती आहे. मनगटावर घड्याळ नव्हते. वेळ प्रहराने आणि घटकेने मोजायची, एक घटका म्हणजे २४ मिनिटे. तेव्हा 'पाच मिनिटांत येतो' असे तेव्हाचा माणूस म्हणणार नाही. 'पान खाऊन होईतो येतो' म्हणेल. बातमीचा वेग म्हणजे जासुदाच्या पायांचा, घोड्याचा नाही तर सांडणीचा वेग. माणूस मेल्यावरही घरी तो कितीतरी दिवस जिवंतच असे. त्याच्या नावाने नवस चालू असत, त्याचे ताट वाढायचे बोलणे चालू असे. ही यादी लेखकाला जाचक वाटते खरी, पण शेताला बांध असला तरच पाणी थांबते आणि जमिनीत मुरते. कल्पनेचेही तसेच आहे.

पाचवे पान सर्वांत अवघड, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. ते आहे 'कोण म्हणतो' या प्रश्नाचे. प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करायची. त्या दिवसांतले पत्र असेल तर एक खूण. मागाहून लिहिलेली बखर असेल तर दुसरी. लोकांच्या तोंडची आठवण असेल तर तिसरी. आणि माझे स्वतःचे अनुमान असेल तर चौथी, लाल शाईची. भाऊसाहेबांची बखर वाचा, तिच्या भाषेला तोड नाही. माणसे जिवंत होऊन बोलतात. पण ते संभाषण लिहून घ्यायला तिथे कुणी कारकून बसला नव्हता. काशीराज हा शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. त्याने फारसीत हकीकत लिहिली, ती दुसऱ्या बाजूने पाहिलेली, आणि तीही काही वर्षांनी. पानिपतला काला अंब नावाची जागा आहे. रक्ताने तिथला आंबा काळा पडला असे लोक सांगतात, आणि आज तिथे स्मारक आहे. या सगळ्यांना वहीत जागा आहे. पण सगळ्यांना एकाच रांगेत बसवायचे नाही.

अशा खुणा का करायच्या? कारण वाचकाला वही दिसत नाही, फक्त कादंबरी दिसते. आणि वाचक कादंबरीवर विश्वास ठेवतो. कोंढाण्याचेच पाहा. तानाजी मालुसरे पडले आणि त्यानंतर गडाचे नाव सिंहगड झाले, असे घरोघरी सांगितले जाते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचे नावच मुळी 'गड आला पण सिंह गेला' असे आहे. पण तो गड १६७० साली सर झाला, आणि सिंहगड हे नाव त्याआधीच्या पत्रांत आढळते. याने तानाजींचा पराक्रम तिळभरही कमी होत नाही. पण कथेने एकदा मनात घर केले की मागून आलेल्या पत्राला ओटीवरच थांबावे लागते, एवढे यावरून कळते.

यात हरिभाऊंना दोष देण्याचे कारण नाही. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ओळखली जाणारी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ ची. हरिभाऊंची 'उषःकाल' १८९५ पासून 'करमणूक' पत्रात येऊ लागली. आणि राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला तो १८९८ साली. त्यातच पानिपतच्या काळातली पत्रे पहिल्यांदा छापून आली. म्हणजे त्या लेखकांच्या हाताशी पुष्कळसा कागद नव्हताच. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत सरदेसायांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. शेजवलकरांनी पानिपतचा एकेक धागा तपासून ग्रंथ लिहिला. आज ही साधने ग्रंथालयात बसून वाचता येतात. त्यांच्यापाशी निमित्त होते. आपल्यापाशी ते उरलेले नाही.

नोंद नसली की काय होते, याचा दाखला पानिपतनेच देऊन ठेवला आहे. भाऊसाहेब पडले, पण कसे पडले हे खात्रीने सांगणारे माणूस घरच्यांपुढे उभे राहिले नाही. ज्याला त्याला वाटत होते, ते परत यावेत. आणि पंधरा वर्षांनी, १७७६ साली, 'मीच भाऊसाहेब' म्हणणाऱ्या एका माणसाने कोकणात बंड उभे केले. त्याच्यामागे माणसे गेली, किल्ले गेले. शेवटी त्याला पकडून देहान्त शिक्षा झाली. तो भाऊसाहेबांचा तोतया. त्याच्यामागे जाणारे सगळेच लबाड नव्हते. त्यांची इच्छा मोठी होती, आणि पुरावा तोकडा होता. पुराव्याची जागा रिकामी राहिली की तिथे इच्छा येऊन बसते. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याने हे विसरू नये. वाचकाच्या मनात जे असावेसे वाटते तेच सजवून त्याच्यापुढे ठेवले, तर आपणही कागदावरचा एक तोतया उभा करतो.

मग कल्पनेला काही काम उरते की नाही? उरते, आणि मोठे उरते. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई त्या संहारातून परत आल्या. पतीचा मृत्यू त्यांनी कधी मानला नाही असे सांगतात. त्या पेशव्यांच्या घरातल्या, म्हणून हे आपल्यापर्यंत आले. पण नीरेकाठच्या त्या गावात माझ्या नायकाची बायको आहे. तिला कोणी चिठ्ठी पाठवली नाही. गावातून गेलेल्यांपैकी कोणी परतले असतील, त्यांना ती विचारते. एक म्हणतो, दिल्लीपर्यंत पाहिला. दुसरा म्हणतो, पानिपताला पाहिला, पुढचे ठाऊक नाही. तिने कुंकू लावायचे की पुसायचे? वटसावित्रीला वडाला सूत गुंडाळायचे की नाही? पितृपक्षात सासऱ्याने पोराच्या नावाने पान वाढायचे की नाही? या प्रश्नांचे उत्तर कुठल्याही खंडात नाही. इथे कागद संपतो आणि कादंबरीकाराची वाट सुरू होते. पण ती वाट सुरू कुठे होते हे त्याला ठाऊक पाहिजे, आणि ते वहीच सांगते.

आता जाता जाता खेड्यातल्या मंडळींना आणि गुरुजींना एक विनंती. अशी वही प्रत्येक शाळेत निघावी. मुलांना कादंबरी लिहायची नसली तरी चालेल. गावच्या नावाची वही काढा. तिच्यात पहिले पान काळाचे, दुसरे वाटांचे, तिसरे माणसांचे, चौथे 'नव्हते'चे. गावात पहिली पिठाची चक्की कधी आली, वीज कधी आली, त्याआधी लोक काय करीत, हे आजी-आजोबांना विचारा आणि पुढे खूण करा : हे ऐकलेले, हे पाहिलेले, हे कागदावरचे. देवळातला शिलालेख, वेशीजवळची वीरगळ, पाराखालचा दगड, सगळ्यांची नोंद घ्या. कुणाच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल असतील. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवलेले कापडी गाठोडे. ते चुलीजवळ, ओलीला ठेवू नका, वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका. चिकटलेली पाने ओढून सोडवू नका. मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा. त्यात कदाचित नुसती शेतसाऱ्याची पावती निघेल. निघू द्या. १७६० साली त्या गावच्या त्या शेताचा सारा कोणी भरला, एवढे एक नाव मिळाले, तरी खुर्द्यातले एक नाणे हाती लागले म्हणायचे.

माझ्या वहीची अजून पुष्कळ पाने कोरी आहेत. बैलाच्या पाठीवरच्या गोणीत किती धान्य मावे, दिवसाला तांडा किती कोस चाले, उत्तरेकडच्या गव्हाच्या रोट्या खाऊन भाकरीच्या माणसाला काय वाटे, हे सगळे भरायचे आहे. ते भरल्यावर मगच मी त्याला नाव देईन. कारण नाव दिले की तो माझा झाला, आणि माझा होण्याआधी तो त्याच्या काळाचा असला पाहिजे.